खिंडीपलीकडची नाचण

बहिऱ्या माणसाच्या घरात शांतता नांदते असं ज्यांना वाटतं, त्यांनी अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या दोन खोल्यांत येऊन आठवडाभर राहायला हवं होतं. बाबा बोलत ते तळमजल्यापर्यंत ऐकू जाई. रेडिओवरच्या बातम्या अख्खी बिल्डिंग आमच्याकडूनच ऐकायची. आई रागावली की भांडी आपटायची, आणि ज्याच्यासाठी आपटतोय त्याला ती ऐकूच जात नाहीत हे लक्षात आलं की आणखी जोरात आपटायची. या सगळ्यावर कडी म्हणजे टेपरेकॉर्डर. दूध तापायच्या आधीपासून त्यातून एक पाखरू शीळ घालायचं, तेही पूर्ण आवाजात, आणि बाबा स्पीकरला कान लावून डोळे मिटून बसलेले असायचे. त्यांना त्यातलं किती ऐकू येतंय हे विचारायची आमच्यापैकी कुणाची हिंमत नव्हती.

बाबा एका कारखान्यात कॉम्प्रेसर विभागाचे ऑफिसर होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्या धडधडाटात काढली. कानात बोळे घालायचे असतात, पण बोळे घालणाऱ्याला कामगार हसत, आणि हसलेलं बाबांना चालत नसे. आधी बारीक आणि वरचे सूर गेले. कुकरची शिट्टी गेली, दारावरची घंटा गेली, मग आईचा आवाज गेला. आईचा आवाज मुळातच किनरा. तिचं बोलणं ते तिच्या ओठांवरून वाचायला शिकले आणि त्यात इतके तयार झाले की पाठमोरी असताना ती बोलली तर चिडायचे, म्हणायचे, “तोंड दाखवून बोल गं.” पुढे कंपनीने त्यांना वेळेआधीच घरी बसवलं. उल्हासनगरच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, आणि उरलेलंही फार टिकणार नाही. त्या दिवशी येताना बाबांनी आमच्यासाठी दाल पकवान आणलं. ते आम्ही तिघांनी खाल्लं. आईने तर चटणीही वाढून घेतली नाही.

आता त्या पाखराविषयी. नाचण हा चिमणीएवढा जीव. शेपटी पंख्यासारखी उघडायची, मिटायची, या अंगावरून त्या अंगावर वळायचं, आणि मधूनच पाच-सहा सुरांची गोड शीळ. बागेत, झाडीत कुठेही दिसते, त्यात नवल काही नाही. बाबांचं नवल निराळंच होतं. जांभूळ गावच्या पाणी शुद्धीकरण केंद्रामागच्या झाडीत जी नाचण गाते तिची शीळ सावकाश, खालच्या पट्टीतली. बदलापूरच्या पुढे जाऊन डोंगरातली खिंड ओलांडली, पलीकडच्या रानात उतरलं, की तीच शीळ वरच्या पट्टीत आणि घाईघाईने येते. बाबांच्या टेपांवर हा फरक इतका स्वच्छ होता की मला स्वयंपाकघरात पोळ्या लाटतानाही कळायचं, ही अलीकडची, ही पलीकडची. रविवारी पहाटे स्कूटर काढायची, आधी जांभूळला जायचं, मग डोंगराच्या पायथ्याशी स्कूटर लावून खिंड चढायची, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. रानातली शीळ त्यांना नुसत्या कानांनी ऐकू येतच नसे. शेपटीचा पंखा दिसला की ते माइक रोखायचे, आणि घरी आल्यावर रेकॉर्डर विजेवर लावून, आवाज चढवून, काय मिळालं ते ऐकायचे. मी जांभूळपर्यंत त्यांच्या मागे बसून जायची. खिंडीपलीकडे मात्र आईने मला कधी पाठवलं नाही. “मुलीची जात, पाय मुरगळला तर कोण उचलून आणणार? ह्यांना तर हाकही ऐकू जायची नाही,” असं ती म्हणे, आणि त्यात खोटं काय होतं?

बाबांचं म्हणणं असं की पलीकडची नाचण ही निराळी जात आहे, निदान निराळी होण्याच्या वाटेवर आहे, आणि हे अजून कुणालाच माहीत नाही. जात निराळी कशी होते हे त्यांनी मला उल्हासनगरातच समजावलं. रेकॉर्डर दुरुस्त करणारे परमानंद अंकल आमच्या ओळखीचे. त्यांच्याकडे एकदा सिंधमधल्या चुलतभावाने आवाज भरून पाठवलेली कॅसेट आली होती. अंकल ती ऐकून बाबांना म्हणाले, “साहेब, अपनीच भाषा, अपनाच खानदान, पण आता ये लोग अलग बोलते हैं. आधं समजतं, आधं नाही.” बाबांनी ते डोक्यात ठेवलं. घरी येताना स्कूटर थांबवून मला म्हणाले, “बघ, मध्ये सरहद्द आली. इकडचे इकडे, तिकडचे तिकडे. माणसांचं लग्न तरी जमवून आणता येतं. पाखरांचं तसं नसतं. पिल्लू बापाची शीळ ऐकून शिकतं, शिकताना थोडं चुकतं, त्याचं पिल्लू ती चूकच बरोबर म्हणून शिकतं. मध्ये डोंगर असेल तर सुधारायला कोण येणार? हजारो पिढ्या गेल्या की इकडच्या मादीला तिकडच्या नराची शीळ कळत नाही. कळत नाही म्हणजे जोडी नाही, जोडी नाही म्हणजे पिल्लं नाहीत. झाली जात वेगळी.” रस्त्यावरचे लोक वळून बघत होते, कारण बाबा हे सगळं ओरडूनच सांगत होते. मला लाज वाटत होती आणि अभिमानही वाटत होता.

आई त्या नाचणीला सवत म्हणायची. “सवतीकडे निघाले,” असं रविवारी पहाटे डबा भरताना ती पुटपुटायची, पण डब्यात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि वर लसणीचं तिखट बांधून द्यायला कधी चुकली नाही. तिचा राग खरा होता. नवऱ्याचे कान जात होते, आणि उरलासुरला कान तो बायकोला न देता एका पाखराला देत होता. मला तेव्हा आईचाच राग यायचा. आज तिची बाजू मला जास्त कळते, पण ते सांगायला आता ती नाही.

बाबांनी ठिकठिकाणच्या शास्त्रज्ञांना कळवलं होतं. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. शेवटी दक्षिणेतल्या एका संस्थेतून वैशाली मॅडम आल्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, तिशीच्या, उन्हाने रापलेल्या, पायात पुरुषी बूट. त्यांनी आमच्या खाटेवर मांडी घालून बाबांच्या कॅसेटी ऐकल्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. “काका, एवढ्याशा डोंगराने असं व्हायला नको,” त्या प्रत्येक शब्द सुटा करत, बाबांना ओठ दिसतील अशा बोलल्या. “पाखरू उडून जाईल की! पण फरक आहे, तो नाकारता येत नाही.” मग त्यांनी सांगितलं की जात ठरवायला किती गोष्टी लागतात. बारीक जाळी लावून पक्षी धरायचे, चोच, पंख, पाय मोजायचे, पायात कडी घालून सोडायचे, पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन दोन्हीकडच्यांचं नातं किती जुनं ते काढायचं, संग्रहालयातल्या जुन्या कातड्यांशी ताडून बघायचं. “पण त्याआधी पक्ष्यांनाच विचारू. पलीकडची शीळ अलीकडे वाजवायची. नाचण हद्दीला फार जपते. घरात चोर शिरल्यासारखी धावून आली, तर ती त्या शिळेला आपली मानते. मानसुद्धा वळवली नाही, तर परकी. आणि मग हेच सगळं डोंगरापलीकडे.”

“आणि परकी ठरली तर?”

“तर पुढचं काम सुरू होईल. वेळ लागतो, काका. जाती व्हायला लाखो वर्षं लागतात, ओळखायला आम्हालाही वर्षं लागतात.”

“पाखरांकडे लाखो वर्षं असतील,” बाबा म्हणाले. “माझ्याकडे हे एवढं वर्ष आहे, मॅडम. डाव्या कानाने आता नुसता गोंगाट ऐकू येतो. उजव्याने टेप थोडी कळते. ते जायच्या आत मला कळायला हवं. नाहीतर मी कंपनीत कान घालवले आणि घरी बसून डोकं घालवलं, एवढंच माझ्या नावावर राहील.” हे त्यांनी नेहमीच्याच मोठ्या आवाजात सांगितलं. आई स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला.

मॅडमनी उठताना सहज विचारलं, “टेपवर तुम्ही कुठेच बोलत नाही? आम्ही प्रत्येक आवाजाच्या शेवटी जागा आणि वेळ बोलून ठेवतो.” बाबा अभिमानाने म्हणाले, “माझ्या टेपवर माणूस नाही. फक्त पक्षी. कुठली टेप ते वर चिकटवून ठेवतो.” मॅडमनी मान डोलावली आणि विषय तिथेच संपला.

ठरल्या रविवारी मी, बाबा आणि मॅडम जांभूळला गेलो. आईने त्या दिवशी मला खिंडीपलीकडे जायलाही अडवलं नाही. “तू जा बरोबर,” ती म्हणाली, “त्यांना कुणीतरी आपलं हवं ऐकायला.” पाणी केंद्रामागे करंजाच्या झाडीत मॅडमनी स्पीकर ठेवला आणि आम्ही लांब बसलो. आधी अलीकडची शीळ लावली. दोन नाचणी अशा तुटून पडल्या की एक तर स्पीकरवरच येऊन बसली, शेपटी उघडून, चोच वासून. मग थोडा वेळ जाऊ देऊन पलीकडची, वरच्या पट्टीतली शीळ लावली. नाचण फांदीवर बसली होती. तिने एक माशी टिपली, पाठ खाजवली, आणि निघून गेली. मॅडमनी जागा बदलून दुसऱ्या जोडीसमोर लावली, तिसऱ्या जोडीसमोर लावली. कुणीही आलं नाही. बाबांना शिळा ऐकू येत नव्हत्या, पण पक्षी दिसत होते. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ उठले. मी त्यांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं. मॅडम म्हणत होत्या, “अजून निम्मं बाकी आहे, काका,” आणि बाबा नेहमीप्रमाणे आपला रेकॉर्डर चालू ठेवून खांद्याला लावत होते. नाचण गायच्या आधी सांगून गात नाही, म्हणून पहाटे घातलेल्या नव्या सेलांवर तो दुपारपर्यंत चालूच असायचा.

खिंड चढेपर्यंत ऊन तापलं. बाबा आमच्या पुढे, तरण्या पोरासारखे. खिंडीतून पलीकडे उतरताना, एका ऐनाच्या झाडाजवळ, मी पहिल्यांदा पलीकडची नाचण ऐकली, टेपवरची नव्हे, खरीखुरी. मी जागच्या जागी उभी राहिले. शीळ सावकाश होती. खालच्या पट्टीतली. जांभूळची होती तशीच, तीच. मी मागे वळून मॅडमकडे पाहिलं. त्याही थांबल्या होत्या. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो आणि पुढे बाबा झपाझप उतरत होते, त्यांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं. एखादी चुकून इकडे आली असेल, असं मी मनाला सांगितलं. आणखी खाली दुसरी गायली. तीही तशीच. 

मॅडमनी स्पीकर ठेवला. अलीकडची शीळ लावली, आणि पलीकडची नाचण क्षणात धावून आली. बाबांच्या कपाळावर आठी पडली. मग मॅडमनी बाबांची पलीकडची कॅसेट लावली. याच रानात भरलेली, याच पाखरांची शीळ. कुणी आलं नाही. नाचण वरच्या फांदीवर स्वतःशीच नाचत राहिली. स्वतःच्याच आवाजाला ती ओळख देत नव्हती.

“असं कसं होईल?” बाबा म्हणाले. “घरच्या माणसाला घरचा आवाज कळत नाही? मॅडम, तुमच्या मशीनमध्ये दोष आहे. माझ्यावर लावा.” मॅडम काही बोलणार तोवर त्यांनी स्वतःच्या रेकॉर्डरमधली कॅसेट काढून ती पलीकडची कॅसेट आत घातली, रेकॉर्डर दगडावर ठेवला, बटण दाबलं आणि मागे सरले.

नाचण आली. सरळ रेकॉर्डरवर येऊन बसली, पंखा उघडला, आणि गोल गोल फिरू लागली. तिचा जोडीदारही आला. “बघा!” बाबा ओरडले. “बघा, आली! ओळखलं तिने! माझी टेप बरोबर आहे!” ते टाळ्या वाजवत होते, त्यांचे डोळे वाहत होते, आणि आम्ही दोघी दगडासारख्या उभ्या होतो, कारण आम्हाला ऐकू येत होतं. त्या रेकॉर्डरमधून येणारी शीळ वरच्या पट्टीतली राहिली नव्हती. ती खाली उतरली होती, सावकाश झाली होती. ती अलीकडची झाली होती.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या परक्या होत्या, हे त्यांनी सांगायचं नव्हतं. मी बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी.

“बाबा, टेप हळू चाललीय.”

“काय?”

“सेल उतरलेत. तुमची टेप आता जांभूळच्यासारखी वाजतेय. इथली खरी नाचणही तशीच गाते. मी येताना ऐकली.”

बाबा खाली वाकले आणि कॅसेटच्या काचेतून फिरणाऱ्या चकत्यांकडे बघत राहिले. यंत्रांत जन्म काढलेला माणूस, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. वर्षानुवर्षं त्यांनी जांभूळला ताज्या सेलांवर आवाज भरला होता आणि इथे येईपर्यंत ते सेल थकलेले असायचे. थकलेल्या सेलांवर टेप हळू सरकते. त्या टेपेवरचा आवाज मग घरी, विजेच्या पूर्ण वेगावर, घाईचा आणि वरच्या पट्टीतला होऊन बाहेर पडतो. दर रविवारी तोच क्रम, आणि म्हणून दर रविवारी तोच फरक. टेपवर एकदा जरी त्यांनी स्वतःचं नाव उच्चारलं असतं, तरी तो चिरका आवाज ऐकून त्याच दिवशी घरात आम्हाला हसू आलं असतं. नाचण अजून रेकॉर्डरवर नाचत होती. बाबांनी तिला हाकललं नाही. टेप संपेपर्यंत ते तसेच वाकून उभे होते. मग त्यांनी सेल काढून हातात घेतले आणि मॅडमना म्हणाले, “तुम्हाला फार लांबून यावं लागलं.” मॅडम म्हणाल्या, असं आमच्याकडेही होतं काका, चाचणी त्यासाठीच असते. त्या खरं तेच बोलत होत्या. बाबा त्यांच्या ओठांकडे बघत नव्हते.

मी पुढे शाळेत विज्ञान शिकवलं. फलकावर डोंगर काढायचा, दोन बाजूंना दोन पाखरं काढायची, आणि जाती कशा फुटतात ते सांगायचं, हे मी निवृत्त होईपर्यंत दरवर्षी केलं. आता फोन शीळ ऐकून पक्ष्याचं नाव सांगतो, आणि जांभूळच्या वाटेवर टॉवर उभे राहिलेत. बाबांची मांडणी चुकीची नव्हती. पिल्लू बापाकडून शिकतं, थोडं चुकतं, ती चूक पुढे जाते, सगळं खरं. फक्त या डोंगराच्या बाबतीत तसं झालेलं नव्हतं. मुलांना शिकवताना मी इथवर आले की खडूने तोच डोंगर पुन्हा पुन्हा गिरवत राहायची, आणि पहिल्या बाकावरच्या मुली एकमेकींना कोपराने ढोसायच्या.

मॅडमना बदलापूर स्टेशनवर सोडून आम्ही घरी आलो तेव्हा आई दारातच उभी होती. सकाळपासून ती देव पाण्यात घालून बसली होती हे मला नंतर कळलं. स्वयंपाकघरातून खिरीचा वास येत होता. बाबांनी चपला काढल्या, पाय धुतले, आणि आपल्या त्या अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाले, “एकच आहे गं. दोन्हीकडे एकच नाचण. माझीच टेप चुकीची होती.” वरच्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ चालू होता, तो बंद झाला.

मला वाटलं आई सुटल्यासारखं म्हणेल, बरं झालं एकदाचं. ती पुढे आली, बाबांच्या अगदी समोर उभी राहिली, त्यांना नीट दिसेल असं तोंड वर केलं. तिचा चेहरा भीतीने पांढरा पडला होता. “एकदा बघून काय होतंय?” ती म्हणाली. “पाखरंच ती, आज नसतील धड गायली. पुढच्या रविवारी परत जा. मी डबा करून देते. परत एकदा बघून या.”

“कशाला?” बाबांनी विचारलं.

ते खरंच विचारत होते. आईचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.  आणि ती काय म्हणतेय ते वाचायला बाबा तिच्या तोंडाकडे एकटक बघत उभे राहिले.